आधी हलगीवाल्याचे

मला आफ्रिकेतला नाच शिकवणारे कोरो कोल्हापुरात उतरले त्याच संध्याकाळी मी त्यांना माझा नाचाचा क्लास दाखवायला नेलं, आणि तिथं त्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर स्पीकर बंद केला.

२०२४चा ऑक्टोबर. बंगळुरूला त्यांची दहा दिवसांची कार्यशाळा होती. तिथनं स्लीपर बसनं ते पहाटे तावडे हॉटेलच्या स्टॉपला उतरले, पाठीवर जेंबे हा त्यांचा ढोल आणि हातात एवढीशी बॅग. घरी आल्या आल्या आईच्या पाया पडले, मी काही सांगितलं नव्हतं तरी. दुपारी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला, तीन तास झोपले आणि उठल्यावर म्हणाले, चल, तुझ्या बायका दाखव.

माझा क्लास शिवाजी पेठेत एका तालीम मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते साडेसात. एकोणीस बायका आणि चार शाळकरी मुली. कोरोंकडून मी बारा वर्षं जे शिकले त्यातलं मला पेलेल तेवढं तिथं शिकवते, आणि जोडीला वडिलांकडून आलेलं लेझीम. त्या दिवशी मी मोबाईल जोडला, कुकु या त्यांच्याकडच्या नाचाचं रेकॉर्डिंग लावलं, ओळी केल्या. पाहुणे येणार म्हणून दोघी-तिघी नवे ड्रेस घालून आल्या होत्या आणि सगळ्या अगदी जीव लावून नाचत होत्या. कोरो भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे. तीन-चार मिनिटं त्यांनी बघितलं, मग शांतपणे स्पीकरपाशी गेले आणि बटण दाबलं.

“वाजवणारा कुठं आहे?”

मी म्हटलं, कोरो, इथं जेंबे वाजवणारं कुणी नाही.

“जेंबे विचारलाच नाही मी. वाजवणारा विचारला.”

हॉल एकदम गप्प. खालून तालमीतल्या पोरांच्या शड्डूचा आवाज तेवढा येत होता. मला सगळ्यांसमोर रडू फुटायचं बाकी राहिलं. बारा वर्षं ज्या माणसानं मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली, तीच मी इथं येऊन सोडून दिली होती, सोयीसाठी.

कोरो हे त्यांचं नाव नाही. त्यांच्या मानिंका भाषेत थोरल्या भावाला कोरो म्हणतात, आपल्याकडं दादा म्हणतात तसं. मला ते दोगो म्हणतात, म्हणजे धाकटं भावंड. लिहिताना माझं नाव घालू नको, गावाचं घाल, असं त्यांनी बजावलंय. तर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात, नायजर नदीच्या वरच्या अंगाला कुरुसा नावाचं गाव आहे. त्या मुलखाला हामाना म्हणतात. दुनुंबा हा तिथलाच नाच. त्याला ताकदवान पुरुषांचा नाच म्हणतात. पुरुष वयाच्या तुकड्यांनी रिंगणात उतरतात, थोरली तुकडी पुढं, धाकटी मागं, आणि जुन्या काळी धाकट्यांना पुढं यायचं तर चाबकाचे फटके खाऊन, न हलता उभं राहून ती जागा मिळवायला लागायची. कोरोंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला आमच्या गल्लीत येणारा पोतराज आठवला, आसुडाचा तो आवाज आणि आईच्या पदराआडून बघणारी मी.

मी त्यांच्यापर्यंत पोचले २००७ साली. नवऱ्याची नोकरी कॅलिफोर्नियात, आम्ही फ्रीमाँटला राहायचो. माझा व्हिसा एच-४, म्हणजे तेव्हा नोकरी करायला बंदी. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत ड्रिल मास्तर होते, त्यांचं लेझीम पथक मंगळवार पेठेत नावाजलेलं. मी त्यात वयाच्या सातव्या वर्षापासून. लग्नानंतर ते सगळं बंद पडलेलं. वाचनालयातल्या फळ्यावर एक कागद दिसला: गिनीचा नाच, ढोल प्रत्यक्ष, बुधवारी संध्याकाळी, ओकलंड. यातला ‘ढोल प्रत्यक्ष’ हा शब्द वाचून मी गेले. बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेनं लेक मेरिट स्टेशनला उतरायचं आणि चालत चौदाव्या रस्त्यावर, अ‍ॅलिस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. त्या इमारतीला मलोंगा कास्कलूर यांचं नाव आहे. ते काँगोचे नर्तक आणि शिक्षक. त्याच इमारतीत त्यांनी कितीतरी वर्षं शिकवलं आणि २००३ साली अपघातात गेले. जिन्यातच ढोल ऐकू यायचा. कुठल्या मजल्यावर कुठल्या देशाचा चाललाय हे मला दुसऱ्या वर्षी नुसतं ऐकून कळायला लागलं.

पहिल्या दिवशीचं सांगते. हॉलच्या एका भिंतीला चार वाजवणारे. दोघांकडं जेंबे, बकऱ्याच्या कातड्याचा, हातानं वाजवायचा. बाकी दोघांकडं दुनुन. दुनुन तीन असतात: मोठा, त्या नाचाच्याच नावाचा दुनुंबा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. काठीनं वाजवतात, आणि गावाकडच्या पद्धतीत प्रत्येक ढोलाच्या अंगावर लोखंडी घंटी बांधून दुसऱ्या हातानं ती वाजवत राहतात. आम्ही अनवाणी, तीन-तीनच्या ओळी करून ढोलांच्या समोरून त्यांच्याकडं नाचत जायचं. गुडघे वाकलेले, पाठ पुढं झुकलेली, पाऊल सगळंच्या सगळं जमिनीला. भात लावताना बायका चिखलात उभ्या राहतात ना, जवळपास तसंच. मग मुख्य जेंबे एक ठरलेला बोल वाजवतो, त्याला तिथं सगळे ब्रेक म्हणतात. तो ऐकला की पाऊल बदलायचं. कुणी तोंडानं सांगत नाही. आमच्या पथकात हलगीनं चाल बदलली की चौक बदलायचा, वडील शिट्टी नंतर वाजवायचे, आम्ही आधीच बदललेलो असायचो. त्यामुळं तो पहिला ब्रेक मी बरोबर पकडला. कोरोंनी मान वळवून बघितलं आणि क्लास संपल्यावर विचारलं, तुझ्या गावात कोण वाजवतं?

बघा, तोच प्रश्न होता. मी उत्तर दिलं, हलगीवाले मामा. नाव विचारलं तर मला ते आठवेना. लहानपणी आठवड्यातनं तीनदा बघितलेला माणूस.

क्लास संपताना सगळे रिंगण करायचे, एकेकानं मध्ये यायचं, आणि नाचून झालं की ढोलांसमोर वाकून जमिनीला हात लावायचा, मग तो छातीला. आपल्याकडं गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या कोल्हापुरात राहिले, त्यामुळं हा कानाला हात मी घरातही बघितलेला आहे, वडिलांना गाण्याचं वेड होतं म्हणून. पण आपला हात गुरूच्या नावाला जातो आणि त्यांचा ढोलाला, हे मला तिथं लख्ख दिसलं.

कोरोंची कहाणी मला एका बैठकीत कळलेली नाही. बार्टच्या फलाटावर, त्यांच्या गाडीत दुनुन चढवताना, एकदा दवाखान्याच्या बाकावर, अशी तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. गिनी फ्रेंचांच्या ताब्यातनं २ ऑक्टोबर १९५८ला सुटला. त्याच्या आधीच, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, फोदेबा केइता या गिनीच्या कवी-कलावंतानं पॅरिसमध्ये ‘ले बॅले आफ्रिकें’ ही मंडळी उभी केली होती. स्वातंत्र्यानंतर तीच देशाची राष्ट्रीय मंडळी झाली. सेकू तुरे राष्ट्राध्यक्ष. त्यांनी नाच-गाणं सरकारी काम ठरवलं. खेड्यापासून राजधानीपर्यंत प्रत्येक पातळीवर पथकं, त्यांच्या स्पर्धा, त्यातनं निवडलेली पोरं कोनाक्रीला, म्हणजे राजधानीला. कोरोंचे वडील शेतकरी. आपल्या पोरानं लोकांसमोर पोटासाठी नाचावं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्याकडंही घराण्याघराण्यांची कामं वाटलेली. जेली म्हणजे भाट, त्यांनी बोलायचं, गायचं. नुमू म्हणजे लोहार, लाकूड कोरणंही त्यांच्याकडंच. गारांके म्हणजे चामड्याचं काम करणारे. कोरा, बालाफोन ही वाद्यं जेलींची. जेंबे मात्र कुणाही घराण्याच्या पोरानं वाजवावा. माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता राजाच्या वंशातला म्हणवणारा सलिफ केइता गायक झाला तेव्हा घरचेच त्याच्या विरोधात गेले होते, हे मालीतलं जगजाहीर उदाहरण. कोरोंच्या वडिलांचंही तसंच. पण पोराला सरकारनं निवडलं तर बाप नाही कसं म्हणणार? वयाच्या सोळाव्या वर्षी कोरो कोनाक्रीला गेले, आणि वडील त्यांच्याशी चार वर्षं बोलले नाहीत.

मला या सरकारी बॅलेचं कौतुक वाटतं आणि रागही येतो. कौतुक अशासाठी की गुलामगिरीतनं नुकताच उठलेला देश जगाला स्वतःची ओळख द्यायला पहिल्यांदा ढोल घेऊन गेला. राग अशासाठी की त्याच राजवटीनं जंगल भागातले मुखवटे आणि विधी गावकऱ्यांच्या हातून काढून रंगमंचावर आणले, आणि ज्या फोदेबा केइतानं ही मंडळी उभारली त्यालाच १९६९ साली कैदेत टाकून गोळ्या घातल्या. कोरो यावर जास्त बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, आम्ही पोरं होतो, पोटभर भात मिळायचा, आणि दाराला कान लावून कोण ऐकतंय हे माहीत असायचं.

रंगमंचावर नेल्यावर नाचाचं काय झालं, ते मात्र त्यांनी मला नाचूनच दाखवलं. गावात नाच बरावर होतो. बरा म्हणजे नाचाचं अंगण. तिथं नाचणारा मध्ये येतो आणि जेंबे त्याच्या पायांमागं धावतो. किती वेळ चालायचं याला मोजमाप नाही. रंगमंचावर प्रेक्षक एका बाजूला, म्हणून रिंगणाची ओळ झाली. रात्रभराचा नाच सहा मिनिटांत बसवला, ब्रेकनं ब्रेकला जोडला, तीन दुनुन उभे करून एकाच माणसाच्या हाती दिले. ओकलंडला जो आम्ही शिकत होतो तो या बॅलेचा नाच, गावाचा नव्हे, आणि कोरो हे पहिल्या दिवशी सांगायचे. मला त्यात माझ्या वडिलांचं लेझीम दिसायचं. लेझीमही कवायतीच्या मैदानात जाऊन ‘एक-दोन, सावधान’ झालेलंच. १९८२च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये सांगलीची पोरं उद्घाटनाला लेझीम खेळली तेव्हा वडिलांनी शेजारच्यांच्या टीव्हीपुढं सगळं पथक बसवलं होतं. अभिमानानं फुलले होते, आणि रात्री जेवताना म्हणाले, हलगी कमी ऐकू आली.

सेकू तुरे २६ मार्च १९८४ला गेले. आठ दिवसांनी, ३ एप्रिलला, लष्करानं सत्ता घेतली. पुढं सरकारचा कलावंतांवरचा हात सुटत गेला, पगार रखडले. कोनाक्रीत खाजगी बॅले निघाले. कोरो मातामच्या वस्तीत एका मंडळीत. सकाळी नऊपासून तालीम, पगार शून्य, आशा एकच की परदेश दौरा निघेल. त्या काळात गिनीचे कितीतरी मोठे वादक-नर्तक बाहेर पडले. मामादी केइता आबिजानमार्गे ब्रसेल्सला गेले आणि तिथं त्यांनी जेंबेची शाळा काढली, तिच्या शाखा जगभर झाल्या. कोरो ९४ साली एका दौऱ्याबरोबर अमेरिकेत आले. वेगळ्या संस्कृतीच्या कलावंतांसाठी पी-३ नावाचा व्हिसा असतो, त्यावर. पुढं रीतसर कागद करून राहिले. पहिली तीन वर्षं हॉटेलात भांडी घासली. पहिला क्लास एका चर्चच्या तळघरात, पाच विद्यार्थी. पाच, सहा, सात, आठ हे आकडे इंग्रजीतनं आधी शिकले, कारण विद्यार्थी मोजल्याशिवाय हलत नसत. “आमच्यात पायाला मोजायला कुणी शिकवत नाही, ऐकायला शिकवतात,” असं म्हणत म्हणत ते तीस वर्षं मोजत राहिले.

त्यांच्या आधीची माणसं ते वर्षातनं एकदा, सप्टेंबरात नवीन सत्र सुरू होताना, उभं राहून सांगायचे. सिएरा लिओनचे आसादाता दाफोरा १९२९ला न्यूयॉर्कला आले, १९३४ला त्यांनी ‘किकुंकोर’ हा नृत्यनाट्याचा प्रयोग केला आणि आफ्रिकेचा नाच अमेरिकेच्या रंगमंचावर आफ्रिकी माणसांनी उभा केला. त्रिनिदादच्या पर्ल प्रायमस १९४८ला शिष्यवृत्ती घेऊन आफ्रिकेत शिकायला गेल्या. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी १९५०ला कॉलेजसाठी आले आणि पुढं हार्लेममध्ये केंद्र काढून बसले. गिनीचे लाजी कामारा बॅले सोडून न्यूयॉर्कला राहिले, जेंबे शिकवत. प्रत्येक नावाला हात जमिनीला आणि छातीला. “हे वाट झाडत गेले म्हणून मी चालतोय,” म्हणायचे.

आता पैशाचं. मला खरं तर हेच सांगायचं आहे.

क्लासची फी पंधरा डॉलर, दाराशी द्यायची. एका विणलेल्या टोपीत गोळा व्हायची. क्लास संपला की कोरो सगळ्यांदेखत जमिनीवर बसून मोजायचे. बावीस जण असले तर ३३० डॉलर. हॉलचं भाडं ९०. चार वाजवणारे, प्रत्येकी ४०, म्हणजे १६०. ही चार पाकिटं आधी भरायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. उरलेले ८० गुरूचे. पावसाळी रात्री नऊच जण आले तर टोपीत १३५. हॉलचे ९० गेले की राहतात ४५. तेव्हाही चार पाकिटांत चाळीस-चाळीसच जायचे, वरचे ११५ कोरोंच्या खिशातले. मी एकदा न राहवून म्हटलं, आज त्यांना वीस-वीस दिले तर चालणार नाही का? त्यांनी मला विचारलं, आज तू अर्धी नाचलीस का?

त्यांच्या गावात नाचणारा नाचता नाचता वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट चिकटवतो. आपल्याकडं तमाशात दौलतजादा उडते ती नाचणारीवर. ढोलकीवाला तिच्या मागं घामानं भिजलेला, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

या धंद्यात कोरोंना काय मिळालं? एका विद्यापीठात त्यांनी अकरा वर्षं तासांवर शिकवलं. मग तिथं पक्की जागा निघाली. तिला पदव्युत्तर पदवी हवी होती, ती कोरोंकडं कुठून असणार! ज्या मुलीला ती जागा मिळाली ती कोरोंचीच विद्यार्थिनी, आणि तिच्या मुलाखतीच्या नाचाची तयारी कोरोंनीच करून घेतली. त्या आठवड्यात मी संतापानं जेवले नव्हते, ते मात्र तिच्या घरी पार्टीला जाऊन नाचून आले. २०१४ला गिनीत इबोलाची साथ होती, तेव्हा एका शाळेनं त्यांचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. ते तीन वर्षांत गावी गेलेले नव्हते. त्या वर्षी त्यांच्याकडंच्या गावात मयतालाही माणसं जमेनात, ढोल नाहीत, लग्नं नाहीत, आणि हा माणूस ओकलंडच्या घरात बसून दर शनिवारी पैसे पाठवत होता. एक गुडघा दोनदा कापला. विमा नव्हता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तीन क्लास केले आणि टोपी भरली. २०२०ला क्लास पडद्यावर गेला. पडद्यावर चार घरांतले चार ढोल एकत्र वाजतच नाहीत, आवाज मागंपुढं पोचतो. कोरोंनी दोन महिने एकट्यानं जेंबे वाजवून शिकवलं आणि मग म्हणाले, मी बंद करतो, हे खोटं आहे. वाजवणाऱ्यांना मात्र दर महिन्याला जाऊन दारात पाकीट देऊन आले. तोवर मी कोल्हापुरात परतले होते, आईच्या आजारपणासाठी, हे मला तिथल्या मैत्रिणीनं कळवलं.

आणि त्या कोरोंसमोर मी ब्लूटूथ स्पीकर लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामांकडं गेलो. वडिलांच्या पथकाला वीस वर्षं हलगी वाजवलेले मामा, आता सत्तरीकडं आलेले. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीपुढं, खासबागेत कुस्तीला, गल्लीच्या गणपतीपुढं हेच. मी दारात उभी राहिले आणि ओळख द्यायच्या आत ते म्हणाले, “मास्तरांची धाकली न्हवं तू? ये, बस की.” मला बसवेना. आमच्या घरी मामांचा चहाचा कप वेगळा असायचा, मागच्या खिडकीच्या खणात पालथा ठेवलेला. वडील चांगले होते, पथकात सगळ्यांना सारखं वागवायचे, तरी तो कप तिथंच होता आणि मी सातव्या वर्षापासून त्यात चहा ओतत होते. हे मी कोरोंना ओकलंडला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मामांच्या अंगणात, मामांसमोर सांगितलं. मामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे आता,” आणि आत जाऊन तीन कप चहा घेऊन आले.

मग मामांनी हलगी काढली. अंगणाच्या कोपऱ्यात पाचट पेटवलं, मूठभरच. जाळ झाला की हलगी त्याच्यावर धरायची, फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची, पुन्हा धरायची. कोरो त्यांच्या शेजारी उकिडवे बसले, तो कापलेला गुडघा तसाच दुमडून. जाळाचा वास, तापलेल्या कातड्याचा वास. पहिल्यांदा टिचकी मारली तेव्हा आवाज ढप्प. दुसऱ्यांदा जरा वर. मामांनी हलगी बाजूला घेतली तशी कोरोंनी हात पुढं केला. मामांनी दिली. कोरोंनी ती कानापाशी नेली, मधोमध एक बोट मारलं, कडेला एक, आणि परत जाळावर धरली. मामांनी मान हलवली. “बरुबर हाय. आजून जरा.” एकाला मराठीशिवाय काही येत नाही, दुसऱ्याला मराठीचा गंध नाही. तिसऱ्यांदा टिचकी मारली तेव्हा आवाज असा टणकन उठला की शेजारच्या घरातलं पोर बाहेर आलं.

मामांनी विचारलं, “ह्येंच्यात कातडं कुनाच्या हातचं असतंय?” मी विचारून सांगितलं: लाकूड कोरणारी घरं वेगळी, चामड्याची वेगळी, भाटांची वेगळी, आणि या घरांची लग्नं त्यांच्यातल्या त्यांच्यातच होतात. मामा बराच वेळ जाळाकडं बघत राहिले. “म्हंजे हितल्यागतच,” म्हणाले.

शुक्रवारी मामा हॉलवर आले, नातवाला घेऊन. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्यात लांब बारीक काडी. कोरोंनी कुकु शिकवलाच नाही. म्हणाले, याच्या हलगीवर आमच्याकडची पावलं लादणार नाही. त्यांनी मामांना वाजवायला सांगितलं आणि स्वतः पंधरा मिनिटं नुसते उभे राहून ऐकत होते, टाच तेवढी हलत होती. मग एक पाऊल काढलं, कासा या त्यांच्या कापणीच्या नाचातलं, वाकून विळा मारल्यासारखं. त्यांच्याकडं लांबच्या रानात कापणी चालते तेव्हा वाजवणारे बरोबर जातात. राधानगरीकडची एक बाई ओरडलीच, “ही तर आमची भलरी!” आणि गायलाही लागली. मामांनी चाल उचलली. दोन वर्षं जे पाय मी आकडे मोजून मोजून बसवत होते ते त्या दिवशी न मोजता पडले.

क्लास संपल्यावर कोरोंनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली. बायकांना वाटलं खेळ आहे, मग बघून बघून एकेकीनं पैसे टाकले. कोरोंनी मोजायला मला बसवलं. २,३६०. आधी मामांचे हजार, नातवाचे पाचशे, दोन्ही हातांनी. मग हॉलचे. राहिले त्याची सगळ्यांनी खाली जाऊन मिसळ खाल्ली, मामा मधल्या टेबलावर.

त्या रविवारी मी त्यांना पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत नेलं. धनगरांचे ढोल, अंगभर भंडारा, पाय ठेवायला जागा नाही. कोरो पिवळेधमक होऊन एका म्हाताऱ्या ढोलकऱ्याच्या मागं दोन तास उभे होते. परत येताना गाडीत एकच वाक्य बोलले, “बरा बघितली आज, कितीतरी वर्षांनी.” आणि झोपून गेले.

ते गेल्यावर मी क्लासची फी सातशेवरून हजार केली. का केली ते फळ्यावर लिहून लावलं. चौघी सोडून गेल्या, त्यातल्या दोघी परत आल्या. मामांना दर क्लासला ८००, नातवाला ४००, आणि महिन्याचे पैसे महिना सुरू व्हायच्या आत. हॉलचं भाडं देऊन माझ्याकडं जे राहतं ते पहिल्यापेक्षा कमी आहे आणि मला पुरतं.

परवा क्लास चालू असताना कोरोंचा फोन आला. मी मोबाईल मामांच्या समोर धरला. ओकलंडला पहाट असणार. पाच मिनिटं त्यांनी काही न बोलता ऐकलं आणि मग विचारलं, “दोगो, सांगबान कुठं आहे?” म्हणजे मधला ढोल, ज्याच्यावर बाकीचे उभे असतात. मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, “मी सांगनारच हुतो. घुमक्याबिगार हलगी म्हंजे मिठाबिगार रस्सा. पर तुझं पैसं वाढत्यात म्हनून गप्प बसलो.”

वडणग्याचा एक घुमकंवाला मिळालाय. क्लासला ६०० आणि पेट्रोल वेगळं. येत्या शुक्रवारपासून येतोय. शियेच्या एकीनं तिच्या शेतातला पाचटाचा भारा आणून हॉलच्या जिन्याखाली कोरडा ठेवलाय.